दतिया गेटचा बंबकर

दतिया गेट, झाशी
१२ डिसेंबर १९६०

प्रिय अहिल्या,

तुझ्या चुलतभावाशी लग्न करून मी तुझी वहिनी झाले त्याला आता तीस वर्षं होतील, पण पत्राच्या वर तुझं नाव लिहिलं की मी अजूनही कॉन्व्हेंटच्या बाकावर तुझ्या शेजारी बसलेली असते. तू मला कधी वहिनी म्हणाली नाहीस, ते फार बरं केलंस.

आठवतं, सिस्टर ॲग्नेस महिन्यातून एकदा अचानक घंटा बडवायच्या आणि आपण सगळ्या जणी दोघी-दोघींच्या रांगेनं, तोंड मिटून, मैदानातल्या आंब्याखाली जाऊन उभ्या राहायचो? आग कुठंच नसायची. पण तेवढा गणिताचा तास बुडायचा. व्हरांड्यात वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असत आणि त्या वाळूत आपले चिंचोके. खरी आग लागली असती तर सिस्टरनी आगीवर चिंचोकेच फेकले असते.

हे सगळं आठवायचं कारण असं, की तुझी मैत्रीण आता नगरपालिकेत आगीच्या बंबासाठी भांडते आहे.

सखूबाईंचं घर जळालं त्याला दोन वर्षं झाली. तू इथं नव्हतीस. बंब शहराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळा बाजार, बैलगाड्या, टांगे. आम्ही हंडे-कळश्यांची रांग लावली होती. बंब पोचला तेव्हा विझवण्यासारख्या भिंतीच तेवढ्या उरल्या होत्या. सखूबाई वाचल्या. पण तेव्हापासून गल्लीत त्यांच्यासमोर कुणी 'आग' हा शब्द काढत नाही. विस्तव म्हणतो, चूल म्हणतो, अगदी 'बाई, माझ्या डोळ्यांची फार जळजळ होते' असंही म्हणतो, पण तो शब्द नाही. मी निवडणुकीला उभी राहिले ती एवढ्याचसाठी. दतिया गेटला एक बंब आणि चार माणसांची चौकी हवी.

चेअरमन साहेब अखेर तयार झाले आहेत. घरपट्टीबरोबर एक लहानसा कर लावायचा आणि त्यातून चौकी चालवायची. पण त्यांची अट ऐक: "भानुमती जी, पहले अपने वार्ड को मनाइए. दस से ज़्यादा आपत्तियाँ आईं, तो चौकी को भूल जाइए." हरकती द्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आणि पालिकेच्या सभेत मतदान २८ जानेवारीला.

हिंदी नोटीस पालिकेनं काढली, आगीच्या बंबाचा 'दमकल कर' अशी. मला वाटलं, आपल्या एकोणीस मराठी घरांना आपल्या भाषेत सांगावं. इलाइट चौराह्याजवळच्या छापखान्यात 'ळ'चा खिळाच नाही. मग 'ळ' नसलेले शब्द शोधत बसले. शिवाय कागद सखूबाईंच्या हातात पडणार, म्हणून 'आग' शब्द सगळीकडून काढून टाकला. आता वाच:

'बंबकर. सर्व घरमालकांस विनंती. नवीन वर्षापासून घरोघरी बंबाकरिता कर बसेल. मोठ्या घरास जास्त, लहान घरास कमी. कारकून मोजणीस येतील, त्यांना घर आतून दाखवावे. बंब ही चैन नसून गरज आहे.'

शेवटचं वाक्य खास माझं. दिवाकर चष्मा पुसून म्हणाले, "ठसका आहे हो." त्यांच्याकडून एवढी स्तुती मला लग्नातसुद्धा मिळाली नव्हती.

तुझी
भानू

*

पुणे
२० डिसेंबर १९६०

प्रिय भानू,

पत्रक तीनदा वाचलं. पुण्यात राहून मला आता शुद्धलेखनाची खोड लागली आहे, म्हणून लाल शाई घेऊनच बसले होते. एकही चूक सापडली नाही, याचं थोडं वाईटच वाटलं. 'आग' शब्द काढलास ते वाचून मात्र पेन खाली ठेवलं. तू अशीच आहेस. इतिहासात राजा मेला की तू पान उलटून टाकायचीस.

बायडाकाकूंना पत्रक आवडलं का? त्यांची मान हलली की बाकीच्या अठरा घरांच्या माना आपोआप हलतात. आपल्या गल्लीत वारासुद्धा काकूंना विचारून शिरतो.

चौकी झाली की मला कळव. मी येईन आणि बंबावर चढून फोटो काढीन. वयाचं बोलू नकोस.

तुझी
अहिल्या

*

झाशी
पौष, तारीख २६ डिसेंबर

चि. सौ. अहिल्या हिस बायडाकाकूचा आशीर्वाद.

सोबत रेल्वेची पावती आहे. पार्सल सोडवून घे, आणि आत काय आहे ते कुणाला दाखवू नकोस. आत माझा बंब आहे. अंघोळीचा, तांब्याचा, माझ्या आईनं लग्नात दिलेला.

सरकारनं बंबावर कर बसवला आहे. छापील कागद घरोघरी आला. नव्या वर्षापासून कारकून मोजायला येणार, घर आतून बघणार. मोठा बंब तर जास्त, लहान तर कमी. गोऱ्याच्या राज्यात मिठावर कर होता, आपल्या राज्यात अंघोळीवर! वर लिहिलंय, बंब ही चैन नाही, गरज आहे. अरे मेल्यांनो, गरज आहे हे कळतंय तर कर कशाला?

सगळ्यात वाईट म्हणजे कागदाखाली आपल्या भानूचं नाव आहे. भानू गुणाची आहे, पण ती कॉन्व्हेंटातली. तिला वाटतं, पाणी नळातूनच गरम येतं. तिला बोलून दुखवायचं नाही, असं मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. गुपचूप हरकत लिहायची आणि गुपचूप बंब हलवायचा. कमळानं तिचा बंब गव्हाच्या कोठीत पुरला. बकुळानं खाटेवर निजवून वर दुलई घातली आहे. कुणी आलं की सांगते, आजेसासूबाईंना बरं नाही. परवा विश्वंभर वैद्य नाडी बघायला आत शिरत होते, कसंबसं थोपवलं.

माझा बंब मोठा, म्हणून जयसिंग टांगेवाल्याला घेऊन स्टेशनवर गेले. पार्सलबाबूनं विचारलं, "अम्मा, इसमें क्या है?" मी म्हटलं, "बंब है, भैया." तो खुर्चीवरून उठला तो थेट मागच्या दारानं बाहेर. "बम! बम!" म्हणून ओरडतोय. दोन शिपाई आले, पण दहा हात लांबच उभे. एक म्हणतो, "अम्मा, फटेगा तो नहीं?" मी म्हटलं, "पचपन साल में नहीं फटा, अब क्या फटेगा." "इसमें डालते क्या हो?" मी खरं ते सांगितलं, "बीच में आग, बाहर पानी." तर ते आणखी पाच हात मागे गेले. शेवटी जयसिंगनं गोणपाट फाडून दाखवलं. "अरे, ये तो हमाम है!" म्हणून सगळे हसायला लागले. हसतायत काय? माझं गोणपाट नवं होतं.

तुला खंडोबाची शपथ आहे, भानूला यातलं काही सांगायचं नाही. मी सध्या पातेल्यात पाणी तापवते. एका तांब्यानं पाठ ओली होते, दुसऱ्यानं नुसता काकडा भरतो.

काकू

*

झाशी
२ जानेवारी १९६१

प्रिय अहिल्या,

एकोणीस.

एकोणीस हरकती आल्या, आणि एकोणीसच्या एकोणीस आपल्या मराठी घरांतून. हलवाई, सोनार, कासार, भाजीवाले, कुणाची एक हरकत नाही. उलट रस्त्यात हात जोडून विचारतात, "बहन जी, दमकल कब आ रही है?" आणि आपली माणसं मला बघून दार लोटून घेतात. काल मी बकुळाकडे तिळगुळाचा पाक विचारायला गेले, तर ती म्हणाली, "आत नको, आजेसासूबाई झोपल्यात." मी उंबऱ्यावरूनच परत आले. नंतर गल्लीच्या तोंडाशी आल्यावर लक्षात आलं, तिच्या आजेसासूबाईंच्या तेराव्याला मी जेवले होते.

हरकतींचा मजकूर तर ऐक. सगळ्यांचा एकच: 'आमचे घरी बंब नाही, पूर्वी नव्हता, पुढेही असणार नाही. सबब कर देणे लागत नाही.' अगं, घरी बंब नाही म्हणूनच तर कर! कुणाच्या घरी आगीचा बंब असतो? पालिकेच्या बड़े बाबूंनी त्याचं हिंदी करून चेअरमन साहेबांना वाचून दाखवलं, "हमारे घर में दमकल नहीं है, न थी, न होगी." सगळी सभा हसली. चेअरमन साहेब म्हणाले, "भानुमती जी, आपके लोग बड़े मज़ाक़िया हैं." मीही हसले. मग एकेक सही वाचत बसले.

मला वाटतं, ही माझी थट्टा आहे. मोठी आली सभासदीण, असं. पण सखूबाईंनीसुद्धा सही करावी? त्यांचं अक्षर मी ओळखते, 'स' खाली शेपूट असतं. त्या रात्री त्यांना मिठीत धरून मी ओट्यावर बसले होते, अहिल्या. ज्या बाईसाठी हा खटाटोप, तिलाच तो नको असेल तर मी कुणासाठी भांडते आहे?

मतदानाच्या आधी राजीनामा द्यावा असं मनात येतं. दिवाकरना अजून बोलले नाही.

हसण्यासारखं एकच. गेल्या आठवड्यात स्टेशनवर म्हणे कुणी नऊवारीतली म्हातारी बॉम्ब घेऊन आली होती! सीपरी बाज़ारपर्यंत बातमी पोचली. ती कोण, याचा काही पत्ता नाही. काय दिवस आले बघ.

तुझी
भानू

*

पुणे
७ जानेवारी १९६१

तीर्थरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

बंब सुखरूप पोचला. हमालानं विचारलं, आत काय आहे. मी शहाणपणानं "भांडं" म्हणाले.

काकू, तुमचा गैरसमज झाला आहे. कर अंघोळीच्या बंबावर नाही. तो आगीच्या बंबासाठी आहे, लाल रंगाचा, घंटा वाजवत येतो तो. भानूनं सखूबाईंसाठी 'आग' शब्द गाळला आणि हे रामायण झालं. कृपा करून हरकत मागे घ्या आणि मला शपथेतून मोकळी करा. भानू फार दुखावली आहे.

तुमची
अहिल्या

*

झाशी
१२ जानेवारी

चि. अहिल्या हिस आशीर्वाद.

तुझा कागद पोचला. पुण्यात बसून तू मला दतिया गेटचं सांगू नकोस. आगीच्या बंबासाठी कर असता, तर कारकुनानं घर आतून का बघायचं? आगीचा बंब काय न्हाणीघरात मावतो? आणि 'घरोघरी बंबाकरिता' असं स्वच्छ लिहिलंय. भानूनं तुला गोड बोलून फितवलं असणार. कॉन्व्हेंटच्या मैत्रिणी तुम्ही, इंग्रजीत काय ठरवाल कुणी सांगावं.

शपथ काही सुटत नाही. बंबाला चिंच लावून ठेव, काळा पडला असेल.

काकू

*

पुणे
१६ जानेवारी १९६१

प्रिय भानू,

राजीनाम्याचा कागद लिहिला असशील तर तो चुलीत घाल.

मला काहीतरी माहीत आहे, पण खंडोबाची शपथ घातल्यामुळे सांगता येत नाही. शपथ कुणी घातली, तेही सांगता येत नाही. तू हसशील, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि खंडोबाला भिते. पण सिस्टर ॲग्नेसनी शिकवलंच होतं की, दिलेला शब्द मोडू नये. खंडोबा त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता एवढंच.

तेव्हा सांगत काही नाही, एक काम मात्र करायला सांगते. तुझं पत्रक घे. न्हाणीघरात जा. दार लाव. थंडीनं कुडकुडत, पंचाहत्तर वर्षांची होऊन, शाळेत कधी न गेलेली होऊन, ते मोठ्यानं वाच. वाचताना समोर जे उभं असेल त्याच्याकडे बघ.

मी ते पत्रक लाल शाई घेऊन तीनदा वाचलं होतं. आपण दोघी मिळून किती शहाण्या आहोत, त्याचा हिशेब तू वाचून झाल्यावर करू.

लवकर कर. २८ तारीख जवळ आली.

तुझी
अहिल्या

*

झाशी
२९ जानेवारी १९६१

प्रिय, प्रिय अहिल्या,

तुझं पत्र आलं त्याच सकाळी मी पत्रक घेऊन न्हाणीघरात शिरले. 'घरोघरी बंबाकरिता कर' इथं आले आणि समोर आमचा बंब, नुकता पेटवलेला, नाकातून धूर सोडत माझ्याकडे बघतोय. 'मोठ्या घरास जास्त'ला मी हसायला लागले. 'घर आतून दाखवावे'ला मला भिंत धरावी लागली. आणि 'चैन नसून गरज आहे'पाशी रडू आलं. दिवाकर बाहेरून दार ठोठावत होते, "भानू, भाजलं का? भानू!" मी आतून एवढंच ओरडले, "अहो, मला मराठी येत नाही!"

पण कळून काय उपयोग? सगळ्यांनी बंब लपवलेले, सगळ्यांनी 'बंब नाही' असं सही करून दिलेलं. दारोदार जाऊन 'तुम्ही खोटं लिहिलंत' कसं म्हणायचं? मग रथसप्तमीचं हळदीकुंकू ठेवलं. काकू आल्या म्हणून सगळ्या आल्या. तिळगूळ वाटून झाल्यावर मी उभी राहिले आणि हात जोडले. "माझ्याकडून लिहिण्यात चूक झाली. मला लाल बंब म्हणायचं होतं. घंटावाला. तुमच्या न्हाणीघरातल्या बंबाकडे पालिका ढुंकूनही बघणार नाही."

कुणी हलेना. अठरा बायका काकूंकडे बघताहेत आणि काकू वाटीतले तीळ मोजताहेत. मग बकुळा अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे आजेसासूबाईंना उठवू का?"

आणि घर हसण्यानं नुसतं हललं. काकूंनी पदर तोंडाला लावला होता, पण खांदे हलत होते. तुला घातलेली शपथ त्यांनी तिथंच सोडवली आणि स्टेशनवरची ती नऊवारीतली म्हातारी कोण, तेही मला तेव्हा कळलं! दिवाकर ओसरीवरून म्हणाले, "काकू, तुम्ही तर क्रांतिकारक." त्यावर त्यांनी त्यांना एक तिळाचा लाडू फेकून मारला.

सखूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. सगळ्या गेल्यावर माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "भानू, घरातला बंब तेवढा वाचला गं. राखेतून उकरून काढला आणि चार दिवस चिंचेनं घासला. त्यावर कुणी हात टाकील म्हणून सही केली."

काल मतदान. काकू बाकीच्या अठरा जणींना घेऊन पालिकेत आल्या, चार टांगे करून. बड़े बाबू घाबरलेच. हरकत मागे घ्यायची तर छापील अर्ज भरावा लागतो, आणि त्यात 'कारण' असा रकाना. बाबू विचारताहेत, "अम्मा, कारण क्या लिखूँ?" काकूंना एवढी मोठी हकिकत हिंदीत सांगायचा कंटाळा आला असावा. म्हणाल्या, "लिखो, अंघोळ." बाबूंनी इमानदारीनं एकोणीस अर्जांवर 'स्नान' लिहिलं.

चेअरमन साहेबांनी सभेत वाचलं, "दतिया गेट की उन्नीस आपत्तियाँ वापस ली जाती हैं. कारण..." चष्मा वर केला, खाली केला. "कारण, स्नान." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भानुमती जी, हम पूछेंगे नहीं."

तरी विरोध होताच. सीपरी बाज़ारचे सभासद म्हणाले, आधी आमचे दिवे लावा, मग तुमचा बंब. एकानं विचारलं, "चौकी बन भी जाए, तो उसे ख़बर कौन देगा? गली में टेलीफ़ोन तो है नहीं." चेअरमन साहेबांनी माझ्याकडे बघितलं. खरंच, इतक्या दिवसांत मला हे सुचलंच नव्हतं. चौकी हातातून जाते की काय, असं वाटलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं. सखूबाई. पदर सावरला आणि अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "भैया, आप के घर आग लगे तो आप क्या करेंगे? चिट्ठी लिखेंगे?"

आमच्या अठराही जणींनी श्वास रोखला होता. दोन वर्षं आम्ही जो शब्द उचलून माळ्यावर ठेवला होता, तो त्यांनी भर सभेत घेतला आणि त्यांना काही झालं नाही. खाली बसून उलट काकूंना विचारलं, "बरोबर बोलले ना?"

ठराव तेरा विरुद्ध अकरा मतांनी मंजूर झाला. गल्लीसाठी एक टेलिफोनही. तो कुणाच्या घरी ठेवायचा, यावर मात्र मतदान घ्यावं लागलं नाही.

तुझी
भानू

*

पुणे
२० एप्रिल १९६१

प्रिय भानू,

चौकी उघडली, बंब आला, टेलिफोनही लागला, हे तुझ्या कार्डावरून कळलं. मला राहवेना. काल सकाळी ट्रंक कॉल लावला. तीन तास बसून राहिले तेव्हा लागला. काय बोलायचं ते सगळं कागदावर लिहून घेतलं होतं, तीन मिनिटांत बसेल असं.

पलीकडून सखूबाईंचा आवाज आला, "कुठं लागलीय?"

मी म्हटलं, "कुठं नाही, सखूमावशी. मी अहिल्या, पुण्याहून."

"पुण्यात लागली? एवढ्या लांब नाही गं यायचा आमचा बंब."

"लागली नाही हो कुठंच! भानूचं अभिनंदन करायचंय. आहे का ती?"

"ही काय, माझ्या शेजारीच उभी आहे. हात पुढे करतेय."

"मग द्या ना तिला!"

"देते की. तुम्ही दोघी बोलत बसाल, आणि तेवढ्यात कुणाच्या घरी आग लागली म्हणजे? ठेव खाली. तुला लिहितावाचता येतं ना? पत्र लिही."

आणि ठेवला. ऑपरेटर बाई मला म्हणाल्या, "मॅडम, तुमची सव्वादोन मिनिटं शिल्लक आहेत."

म्हणून हे पत्र. अभिनंदन, भानू.

तुझी
अहिल्या